निवळी : काचेच्या टाकीतल्या प्रवाळाच्या दुखण्याचा इतिहास

मराठी माणसाला पोवळे ठाऊक आहे ते अंगठीतले किंवा माळेतले. नवरत्नांत त्याची गणना आहे, मंगळाचा खडा म्हणून ज्योतिषी ते सुचवतो, आणि वैद्याच्या कपाटात प्रवाळ भस्म व प्रवाळ पिष्टीच्या रूपाने ते असते. आपल्या रसशास्त्राने पोवळ्याचे गुणदोष बारकाईने नोंदवले आहेत. चांगले पोवळे पिकलेल्या तोंडल्यासारखे लाल, गोल, गुळगुळीत आणि भरीव. टाकाऊ पोवळे पांढुरके, भेगाळ, छिद्रांचे आणि हलके. म्हणजे पोवळ्यात दोष असतो हे आपण फार पूर्वीपासून जाणतो. पण तो दोष दगडाचा. पोवळे आजारी पडते, हे वाक्य त्या परंपरेत बसत नाही. त्यासाठी ते जिवंत आहे हे आधी कळावे लागते, आणि ते जिवंत ठेवून रोज पाहावे लागते.

या लेखात त्या रोजच्या पाहण्याचा इतिहास मांडायचा आहे. समुद्राचे पाणी काचेच्या भांड्यात भरून त्यात प्रवाळ वाढवण्याचा खटाटोप माणूस पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ करत आला आहे. त्यातले बहुतेक प्रवाळ मेले. ते का मेले, याचा शोध घेता घेता एक गोष्ट हळूहळू स्पष्ट झाली. प्रवाळाचे दुखणे बहुधा प्रवाळात नसते, ते पाण्यात असते. आज हे साधे वाटते. पण ते कळायला दीडशे वर्षे लागली, आणि ते कळवून देणाऱ्यांत विद्यापीठांइतकाच वाटा घरी टाकी मांडून बसलेल्या हौशी माणसांचा आहे. मानोऱ्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत जवळपास पाचशे किलोमीटर दूर. इथे बसून हा विषय का घ्यावा, याचे उत्तर ओघात येईल.

दगड, झाड आणि प्राणी

पोवळ्याचा व्यापार आपल्याकडे जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे, तीत पोवळे आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दख्खनच्या दोन बाजारपेठांचा माल गाड्यांतून भडोचला जात असल्याचा उल्लेख येतो. रोमन लेखक प्लिनी याने नोंदवले आहे की, आपल्या लोकांना मोत्यांचे जेवढे मोल, तेवढे हिंदी लोकांना पोवळ्याचे. पुढे अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातील ज्यू पेढ्या भूमध्य समुद्रातले पोवळे गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिरे मागवत. गोव्याच्या बाजूला हा व्यवहार सांभाळणाऱ्यांत सारस्वत कामत होते. आपल्या आज्या-पणज्यांच्या गळ्यातले अस्सल लाल पोवळे हे असे भूमध्य समुद्रातून आलेले असे.

इतका माल हाताळूनही ते काय आहे, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. पाण्यात मऊ असलेले झाड हवेत आल्यावर दगड होते, ही समजूत युरोपात शतकानुशतके टिकली. १७०६ मध्ये मार्सिली या इटालियन निसर्गअभ्यासकाने नुकते काढलेले पोवळे समुद्राच्या पाण्याच्या भांड्यात ठेवले, तेव्हा त्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली त्याला दिसली. झाड असल्याचा हा पुरावाच, असे त्याला वाटले. वीसएक वर्षांनी पेसोनेल या मार्सेच्या वैद्याने तोच प्रयोग करून पाहिला. फुलांना हात लावला की ती मिटतात, पाण्याबाहेर काढली की आत ओढली जातात, हे पाहून तो म्हणाला की ही फुले नव्हेत, हे प्राणी आहेत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत रेओम्यूरने हे मत मांडताना पेसोनेलचे नाव घेतले नाही. एवढे विपरीत मत मांडणाऱ्याची अब्रू राखावी, असा त्यामागे हेतू होता. १७५० च्या दशकात लंडनच्या रॉयल सोसायटीने पेसोनेलच्या लेखनाचा गोषवारा छापला, तेव्हा कुठे ते मत रुजू लागले.

या कथेत भांड्याचे महत्त्व लक्षात घ्यावे. पोवळे जिवंत आहे हे कळले ते समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यामुळे. आणि 'फुले मिटली' ही प्रवाळाच्या दुखण्याची पहिली नोंद म्हणता येईल. आजही टाकीजवळ गेल्यावर पाळणारा सर्वांत आधी हेच पाहतो, की पॉलिप उमलले आहेत की मिटलेले.

थाइनबाईंचा घडा

घरात प्रवाळ पाळण्याचा पहिला नीट नोंदलेला प्रयोग एका गृहिणीचा आहे. ॲना थाइन या लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या एका धर्मगुरूच्या पत्नी. १८४६ च्या शरदात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्क्वे येथे त्यांना खडकावरचे छोटे, पेल्याच्या आकाराचे प्रवाळ आढळले. ते लंडनला न्यायचे म्हणून त्यांनी दगडी घडा घेतला. प्रवासात ते एकमेकांवर आपटू नयेत आणि चहूबाजूंनी पाणी खेळते राहावे म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने ते मोठ्या स्पंजावर टाचले. शिवणकामाच्या पेटीतली ही युक्ती प्राणिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात नव्हती.

लंडनमध्ये समुद्राचे पाणी रोज कुठून आणणार? सोबत आणलेला साठा संपत आला तेव्हा थाइनबाईंनी तेच पाणी पुन्हा वापरायचे ठरवले. उघड्या खिडकीशी उभे राहून मोलकरीण ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओते, अर्धा-पाऊण तास, रोज. आपल्याकडे चहा निववताना पाणी उंचावरून ओततात तसेच हे. त्याने पाण्यात हवा मिसळे. पुढच्या वर्षी त्यांनी समुद्राच्या पाण्यासोबत जिवंत सागरी शैवालही मागवले आणि भांडे उजेडात ठेवले. प्रवाळ जवळपास तीन वर्षे जगले आणि त्यांना पिल्लेही झाली. हा वृत्तांत १८५९ मध्ये एका निसर्गविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. रोज पाणी ओतणाऱ्या त्या मोलकरणीच्या नावाची दखल पुढच्या इतिहासांनी घेतलेली सहसा दिसत नाही. वास्तविक जगातला पहिला 'एअर पंप' तीच.

थाइनबाईंचे प्रवाळ थंड समुद्रातले, एकेकटे राहणारे होते. त्यांना तळपता उजेड किंवा उबदार पाणी लागत नव्हते, म्हणून लंडनच्या खिडकीत ते निभावले. उष्ण समुद्रातले, खडक बांधणारे प्रवाळ याच रीतीने ठेवले असते तर जगले नसते. पण हे कळायला अजून अवकाश होता.

मीठ म्हणजे समुद्र नव्हे

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आले आणि इंग्लंडमध्ये दिवाणखान्यात समुद्र मांडण्याची लाटच आली. गॉसने समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी कृत्रिम समुद्रजलाची कृती दिली. तीत चार क्षार होते : साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. चुन्याचा क्षार त्याने वगळला, कारण तो नदी-विहिरीच्या पाण्यात असतोच.

इथे आपल्या मुलखाकडे वळून पाहण्यासारखे आहे. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. या समाजाला आपल्याकडे लमाण म्हणतात, आणि तो शब्द 'लवण' म्हणजे मीठ यावरून आल्याचे सांगितले जाते. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून किनाऱ्याचे मीठ देशावर आणि वऱ्हाडात पोचवणारे हे तांडे. बंजारा स्त्रियांच्या पेहरावावरच्या कवड्याही समुद्राच्याच. म्हणजे समुद्र आमच्याकडे आला तो सुटा सुटा, मीठ आणि कवडी होऊन. पण मिठागरात पाणी आटवताना साधे मीठ आधी वेगळे होते आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडू पाण्यात राहतात. म्हणून ते मीठ पुन्हा पाण्यात विरघळवले तरी समुद्र परत मिळत नाही.

दुसरे उदाहरण लोणारचे. वाशीमहून जवळच असलेल्या या उल्कासरोवराचे पाणी खारे आहे, पण तो खारेपणा वेगळा. त्यात सोड्याचा अंश मोठा आणि पाण्याचा पीएच दहाच्या आसपास. समुद्राचा पीएच साधारण ८.१. लोणारच्या पाण्यात सूक्ष्म शैवाले सुखाने वाढतात. प्रवाळ मात्र तासाभरात मरेल.

समुद्राच्या पाण्याचे खरे गणित १८८४ मध्ये पुढे आले. 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून गोळा केलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार याने तपासले. पाणी कमी-अधिक खारट असले तरी त्यातल्या मुख्य क्षारांचे परस्पर प्रमाण सगळीकडे जवळपास सारखेच असते, असे त्याला आढळले. आज दुकानात मिळणारे समुद्री टाकीचे तयार मीठ या शोधावर उभे आहे. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, त्यात कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम साधारण १३०० मिलिग्रॅम. यातला एखादा घटक घसरला तरी प्रवाळाचा सांगाडा वाढायचा थांबतो.

गॉसच्या पुस्तकाने आणखी एक गोष्ट घडवली. शेकडो हौशी लोक किनाऱ्यावर उतरले आणि खडकातली डबकी त्यांनी ओरबाडून रिकामी केली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तकात याबद्दल खंत आहे. टाकीतला प्रवाळ मेला की दुसरा आणायचा, हा त्या काळचा इलाज होता. दुखण्याचे निदान करण्यापेक्षा रोगी बदलणे सोपे होते.

आतला पाहुणा

उष्ण समुद्रातला प्रवाळ टाकीत का जगत नाही, याचे कोडे एका सूक्ष्म शैवालाने सोडवले. प्रवाळाच्या ऊतींत सोनेरी-तपकिरी पेशी असतात. त्या प्रवाळाच्या स्वतःच्या नसून त्यात राहणाऱ्या शैवालाच्या आहेत. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल ब्रांट याने १८८१ मध्ये त्यांना 'झूक्सँथेला' हे नाव दिले. प्रवाळाचा रंग पुष्कळदा या पाहुण्याचा असतो.

१९२८-२९ मध्ये मॉरिस याँग याच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, लो आयल्स येथे, मोठी ब्रिटिश मोहीम गेली. तिथल्या प्रयोगांत दिसले की, पाणी फार तापले किंवा प्रवाळ उपाशी राहिले की ते आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकतात. आज ज्याला आपण प्रवाळाचे पांढरे पडणे किंवा विरंजन म्हणतो, त्याचे हे सुरुवातीचे पद्धतशीर वर्णन. तरीही शैवाल प्रवाळाला अन्न पुरवते हे याँगला मान्य नव्हते. १९५८ मध्ये मस्कॅटिन आणि हँड यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून, प्रवाळाच्याच गोतातल्या समुद्रफुलावर प्रयोग केला आणि शैवालाने उजेडात तयार केलेले अन्न यजमानाच्या अंगात जाते हे दाखवले. याच सुमारास थॉमस गोरो याने उजेडात प्रवाळाचा सांगाडा अधिक वेगाने घडतो हेही सिद्ध केले.

पांढऱ्या पोवळ्याला आपल्या रसशास्त्राने टाकाऊ ठरवले होते. अंगावरचे पोवळे फिके पडले की घालणाऱ्याची प्रकृती बिघडणार, ही समजूत युरोपातही होती. दागिन्यातले पोवळे घाम आणि आम्ल लागून फिके होते, त्यात भविष्य काही नाही. पण जिवंत प्रवाळाबाबत ती समजूत एका अर्थाने खरी निघाली. तो पांढरा पडला की भोवतालची प्रकृती बिघडलेली असते.

चुन्याची निवळी

पाणी, क्षार, उजेड यांचे मर्म कळले तरी टाकीत प्रवाळ टिकवून दाखवले ते प्रयोगशाळेबाहेरच्या लोकांनी. १९५६ मध्ये रेने काताला याने न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ येथे मत्स्यालय उभारले. तिथे समुद्राचे पाणी अखंड वाहते ठेवून त्याने खोल पाण्यातले प्रवाळ जगवले. अतिनील दिव्याखाली ते स्वतःच चमकतात, हेही त्याने पाहिले. पण ज्याच्या दारात समुद्र नाही त्याला हा मार्ग बंद होता.

इंडोनेशियात, जाकार्ताच्या ली चिन एंग या गृहस्थाने दुसरा मार्ग काढला. १९६१ मध्ये त्याने आपली पद्धत एका मत्स्यपालनाच्या मासिकात मांडली. गाळणयंत्र नाही, फक्त समुद्राचे पाणी, जिवंत खडकांचे तुकडे, हवेचे बुडबुडे आणि उष्ण कटिबंधातला उजेड. खडकाच्या छिद्रांत राहणारे जिवाणू माशांच्या मलमूत्रातला विषारी अमोनिया मोडून टाकत. अनेकांना ते पटले नाही. पण त्याचे प्रवाळ जगत होते.

युरोपात पुढचे पाऊल पीटर विल्केन्स याने टाकले. टाकीतले प्रवाळ सांगाडा घडवताना पाण्यातला चुना वापरून टाकतात आणि मग हळूहळू खंगतात, हे त्याच्या ध्यानात आले. १९७० च्या दशकात त्याने सुचवलेला उपाय जर्मनमध्ये 'काल्कवासर' म्हणून प्रसिद्ध झाला. काल्क म्हणजे चुना, वासर म्हणजे पाणी. आपल्याकडे याला सुंदर शब्द आहे : चुन्याची निवळी. कळीचा चुना पाण्यात कालवून ठेवायचा, गाळ खाली बसला की वरचे स्वच्छ पाणी घ्यायचे. घरोघरी लहान मुलांना हाडे बळकट व्हावीत म्हणून ही निवळी थेंबांनी देत असत. प्रवाळालाही ती थेंबांनीच द्यायची, शक्यतो रात्री, कारण तिचा पीएच बाराच्या वर असतो आणि रात्री टाकीचा पीएच उतरलेला असतो. एकदम ओतली तर तीच निवळी विष होते.

जर्मनीत याच काळात पाण्यात फेस उठवून त्यातली सेंद्रिय घाण काढून टाकणारे प्रोटीन स्किमर रूढ झाले, प्रखर दिवे आले. १९८० मध्ये वॉल्टर एडी याने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जिवंत प्रवाळांचा छोटा समुद्र उभा केला. समुद्रापासून दूर, छपराखाली प्रवाळ वाढू लागले.

दुखणे कसे वाचावे

या सगळ्या इतिहासातून निदानाची एक पद्धत घडली. ती आयुर्वेदातल्या दर्शन-स्पर्शन-प्रश्न या क्रमासारखी आहे. आधी पाहायचे, मग मोजायचे, मग विचारायचे, की गेल्या आठवड्यात काय बदलले?

पाहताना पहिला भेद रंगाचा. प्रवाळ पांढरा पडला पण त्यावर पारदर्शक मांस शिल्लक आहे आणि पॉलिप हलतात, तर शैवाल गेले आहे. पाणी तापले किंवा उजेड एकाएकी वाढला. असा प्रवाळ वाचू शकतो. मांसच सुटून उघडा सांगाडा दिसत असेल तर तो भाग मेला. मांस बुडापासून हळूहळू सुटत असेल तर बहुधा पाण्याची क्षारधारणक्षमता, ज्याला अल्कलिनिटी म्हणतात, ती वरखाली झालेली असते. प्रवाळ काळपट-तपकिरी झाला तर पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढले आहे किंवा उजेड अपुरा आहे. एकच प्रवाळ मिटलेला आणि बाकीचे उमललेले असतील तर शेजारी पाहावा. काही प्रवाळ रात्री लांब दंशतंतू सोडून शेजाऱ्याला भाजतात, आणि मऊ प्रवाळ पाण्यात विषारी द्रव्येही सोडतात. सगळेच एकदम मिटले असतील तर दोष पाण्याचा.

मग मोजायचे, तेही क्रमाने. तापमान २४ ते २७ अंश, क्षारता ३५, अल्कलिनिटी जर्मन मोजणीत ७ ते ११, त्यानंतर कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट, फॉस्फेट. अमोनिया शून्य असायला हवा आणि तांबेही. आपण तांब्याच्या भांड्यातले पाणी औषधी म्हणून पितो. प्रवाळाला मात्र तांब्याचा अल्प अंशही मारक ठरतो. माशांच्या त्वचारोगावरची पुष्कळ औषधे तांब्याची असतात, आणि मासा बरा होताना शेजारचा प्रवाळ मरतो. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि सावकाश. घाईने केलेला इलाज मूळ दुखण्यापेक्षा घातक ठरतो.

मानोऱ्यात कोणी अशी टाकी मांडली तर या नियमांना स्थानिक अर्थ येतो. आपल्या काळ्या खडकातले विहिरी-बोअरचे पाणी जड असते आणि शेतीच्या मुलखात त्यात नायट्रेट असण्याचा संभव असतो. गॉसने नदी-विहिरीच्या पाण्यावर टाकलेला विश्वास इथे महागात पडेल. आरओचे पाणीच घ्यावे लागेल. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. मात्र आपली हवा कोरडी असते. ज्या तत्त्वावर आपला कूलर चालतो, त्याच तत्त्वावर टाकीच्या पृष्ठभागावर साधा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय एवढा चालत नाही. पण पाणी उडते, मीठ उडत नाही. शंभर लिटरच्या टाकीत साडेतीन किलो क्षार असतात. पाच लिटर पाणी उडाले की क्षारता ३५ वरून जवळपास ३७ वर जाते. त्याची भरपाई गोड्या पाण्याने करायची, खाऱ्या नव्हे. आणि वीज गेली की पंप बंद पडतो, पाण्यातला प्राणवायू घटतो. अशा वेळी थाइनबाईंच्या मोलकरणीचीच युक्ती कामी येते; तांब्याचे नव्हे, प्लास्टिकचे भांडे घेऊन टाकीतले पाणी टाकीतच वरून ओतत राहायचे.

कायदा आणि किनारा

या हौसेला आपल्याकडे कायद्याची चौकट आहे, आणि ती योग्य आहे. २००१ मध्ये खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे वगैरे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघाला जे संरक्षण, ते या जिवांना. आपल्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा तोडून आणणे हा गुन्हा आहे. गॉसच्या वाचकांनी इंग्लंडच्या किनाऱ्याचे जे केले, ते मालवणचे होऊ नये यासाठी ही तरतूद आहे. म्हणून टाकीत काय आहे, ते कुठून आले आणि त्याचे कागद आहेत का, हा दुखण्याच्याही आधीचा प्रश्न.

आपल्याकडे प्रवाळ आहेत का, असे पुष्कळजण विचारतात. आहेत. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी त्याच्या गाभ्यात येते. विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभूमी आहे. मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरही प्रवाळ होते, हे सर्वांच्या लक्षात आले ते २०२० मध्ये, किनारी रस्त्याच्या कामाआधी वन विभागाची परवानगी घेऊन आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली ते दुसरीकडे हलवले गेले तेव्हा. प्रवाळ न दुखावता उचलायचा, वाटेत पाण्यात ठेवायचा, नव्या जागी घट्ट बसवायचा. थाइनबाईंनी स्पंज आणि सुईदोऱ्याने सोडवलेलाच हा प्रश्न.

मालवणचे प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१५-१६ मध्ये केल्या. एप्रिल २०२४ मध्ये जगभरच्या प्रवाळांचे चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे जाहीर झाले. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा समुद्र एका अंशाने अधिक तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ शैवाल टाकू लागतात. टाकीत हाच एक अंश आपण पंख्याने उतरवतो. समुद्राला पंखा लावता येत नाही.

नायट्रेटचेही तसेच. टाकीत ते वाढले की पाचवा हिस्सा पाणी बदलायचे. आपल्या शेतातला युरिया पावसाबरोबर अरुणावतीत जातो, अरुणावती पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि ते पाणी प्राणहिता-गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरात पोचते. मानोऱ्याचा समुद्राशी संबंध फक्त मीठ आणि कवडीपुरता नव्हता. त्या दोन्ही गोष्टी समुद्राकडून आमच्याकडे आल्या. उलट दिशेनेही काही जात असते, एवढेच.

महाराष्ट्रात समुद्र काचेमागे पाहण्याची सार्वजनिक सोय १९५१ मध्ये झाली. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्यासाठी दोन लाख रुपयांची देणगी देणाऱ्या दात्याचे नाव त्याला दिले गेले. वऱ्हाडातून मुंबईला गेलेल्या शाळकरी सहलींनी समुद्रातला जीव पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा खुले झाले, पण करोनाच्या काळात बंद पडले आणि इमारतीच्या स्थितीचा प्रश्न पुढे आला. नवे मत्स्यालय उभारण्याची भाषा अधूनमधून ऐकू येते. माझे म्हणणे एवढेच, की ते होईल तेव्हा त्यात रंगीत परदेशी माशांच्या जोडीने एक टाकी मालवणच्या पाण्याची आणि रीतसर परवानगीने ठेवलेल्या तिथल्या प्रवाळांची असावी. तिच्याशेजारी रोजचे तापमान, क्षारता आणि पीएच खडूने फळ्यावर लिहिले जावे. प्रवाळ पांढरा पडला तर तो झाकून न ठेवता, का पडला तेही तिथेच लिहावे. सहलीला आलेल्या वाशीम-यवतमाळच्या मुलांना पाण्याची ती वही वाचता आली, तर पोवळे हा दगड नाही, एवढे तरी त्यांना अंगठी घेण्याआधी कळेल.